आईच्या ऑपरेशनात हिरवा डाय वापरणार आहेत. चालेल ना?

प्रश्न: आम्ही पेडण्याला राहतो. आईच्या (वय ५८) डाव्या स्तनात गाठ आहे. सोनोग्राफीत २.२ सेंटिमीटर, बायोप्सीत कॅन्सर आला. काखेत हाताला काही लागत नाही असं डॉक्टर म्हणाले. स्तन न काढता गाठ काढायची आणि काखेतल्या दोन-तीन ग्रंथी हिरवा डाय आणि कॅमेरा वापरून शोधायच्या, असं ठरलंय. आईला सुंगटं (कोळंबी) चालत नाहीत, ओठ सुजतात, अंगावर पित्त उठतं. शेजारच्या काकी म्हणतात, त्या डायमध्ये आयोडीन असतं, तो तिला देऊच नका. बाबा गेल्यापासून आई रात्री एस्सिटॅलोप्रामची, म्हणजे नैराश्यावरची, गोळी घेते. मुंबईचा दादा म्हणतो, तिथल्या कॅमेऱ्यात कॅन्सरची पेशी न् पेशी चमकते, काही मागे राहत नाही, तिला इकडेच घेऊन ये. आम्ही काय करावं?
एक मुलगी, पेडणे

उत्तर:

ताई, सुंगटांचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण त्यावरून घरात वाद चालू असणार. सुंगटं किंवा कुर्ल्या खाऊन ओठ सुजतात ते त्यांच्यातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे. आयोडीनशी त्याचा संबंध नाही. आयोडीन रोजच्या मिठातून आईच्या पोटात जातंच आहे. काकींचं अर्धं म्हणणं खरं आहे. हा डाय, म्हणजे इंडोसायनिन ग्रीन किंवा आयसीजी, ज्या बाटलीत येतो तिच्यात थोडं सोडियम आयोडाइड असतं, ५ टक्क्यांपर्यंत. पण म्हणून सुंगटं न चालणाऱ्या माणसाला आयसीजी चालत नाही असं नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. आईला पूर्वी डोळ्यांच्या तपासणीत आयसीजी दिला होता का आणि तेव्हा काही झालं होतं का? सीटी स्कॅनच्या इंजेक्शनने कधी पुरळ, धाप, चक्कर आली होती का? थायरॉईड वाढलेला आहे का? थायरॉईडची किरणोत्सारी आयोडीनची तपासणी करायची असेल तर ती आधी उरकून घ्या, कारण आयसीजी दिल्यावर निदान आठवडाभर ती करता येत नाही. या डायची जोराची ॲलर्जी फार क्वचित येते, पण येते. त्यामुळे हा डाय जिथे अ‍ॅड्रेनालीन (जोराच्या ॲलर्जीवरचं इंजेक्शन) आणि भूलतज्ज्ञ हाताशी आहेत अशाच ठिकाणी देतात. सुंगटांची गोष्टही सांगाच. फाइलवर नुसतं ‘आयोडीनची ॲलर्जी’ असं लिहू देऊ नका. ‘सुंगटं खाल्ल्यावर ओठ सुजतात’ असंच लिहून घ्या. चुकीचा शिक्का एकदा बसला की पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक सीटी स्कॅनच्या वेळी तो आडवा येतो.

रात्रीच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, नुसता उल्लेख केलात. आम्हाला मात्र सुंगटांपेक्षा ती महत्त्वाची वाटते. बऱ्याच ठिकाणी हिरव्या डायबरोबर निळा डायही टोचतात, मिथिलीन ब्लू. एस्सिटॅलोप्राम आणि मिथिलीन ब्लू एकत्र आले तर मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन साठून ताप, थरथर, गोंधळ, नाडी वाढणं असा त्रास होऊ शकतो. हा धोका मुख्यतः शिरेतून मोठा डोस दिल्यावर असतो. स्तनात टोचतात तो डोस लहान असतो, तरी भूलतज्ज्ञाला आधी माहीत असायला हवं. मग ते निळा डाय टाळून नुसता हिरवा वापरायला सांगू शकतात, कारण आयसीजीचं या गोळीशी काही वाकडं नाही. घरच्या घरी गोळी बंद मात्र करू नका. ती एकदम सोडली तर वेगळा त्रास होतो. घरात कुणाला जी-६-पीडीची (लाल रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर तेही सांगा, त्यांनाही मिथिलीन ब्लू चालत नाही.

आता दादाचं म्हणणं. आयसीजीला कॅन्सर ओळखता येत नाही. तो कॅन्सरच्या पेशीला चिकटत नाही की निरोगी पेशीला टाळत नाही. तो फक्त वाहतो. शिरेतून दिला तर रक्तातल्या प्रथिनांना धरून रक्ताबरोबर फिरतो आणि यकृत त्याला तीन-चार मिनिटांत निम्म्यावर आणतं. स्तनाच्या त्वचेत टोचला तर लसिकेबरोबर, म्हणजे ग्रंथींकडे वाहणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाबरोबर, काखेकडे जातो. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, झरीचं पाणी पाटाने आधी कुठल्या पोफळीच्या आळ्यात शिरतं हे बघायला पाण्यात रंग सोडावा, तसं हे काम आहे. आईच्या स्तनातून निघालेली लसिका काखेतल्या ज्या ग्रंथीत सगळ्यात आधी पोचते ती सेंटिनल नोड. कॅन्सर काखेत गेला असेल तर बहुधा आधी तिथेच जातो. ती काढून तपासली आणि स्वच्छ निघाली, तर बाकीच्या ग्रंथींना हात लावायची गरज राहत नाही. सगळी काख साफ केली तर १०० बायकांपैकी साधारण २० जणींच्या हाताला पुढे सूज येते. सेंटिनल नोडवर थांबलं तर ५-६ जणींना. आईने अजून दहा-वीस वर्षं विहिरीचं पाणी काढायचं, नातवंडं उचलायची, तर या फरकाला फार किंमत आहे.

म्हणजे पडद्यावर एखादी ग्रंथी चमकली तर लसिका तिथे जाते एवढंच कळतं. तिच्यात कॅन्सर आहे की नाही, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतो. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकांना कुणी ‘दोन ग्रंथी हिरव्या दिसल्या’ असं सांगितलं तर धसका घेऊ नका. हिरव्या दिसायलाच हव्यात.

आत नेमकं काय होतं ते सांगतो. आयसीजी २५ मिलिग्रॅमच्या बाटलीत गडद हिरव्या भुकटीच्या रूपात येतो. तो इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्यात विरघळवायचा, सलाइनमध्ये नाही. सलाइनमध्ये त्याचे कण एकमेकांना चिकटतात. १० मिली पाणी घातलं की दर मिलीत अडीच मिलिग्रॅम होतो. पाण्यात तो टिकत नाही, म्हणून ६ तासांच्या आत वापरायचा. सकाळी एका रुग्णासाठी फोडलेली बाटली संध्याकाळी दुसऱ्या रुग्णासाठी चालत नाही. आईला भूल दिल्यावर स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला साधारण एखादा मिली टोचतात, काही ठिकाणी यापेक्षा पातळ करून. मग पाचेक मिनिटं काखेच्या दिशेने हलकं चोळतात, म्हणजे तो लसिकावाहिनीत शिरतो. दाट ठेवला म्हणजे जास्त चमकेल असं मात्र नसतं. फार दाट झाला की त्याचे रेणू एकमेकांचाच प्रकाश गिळतात.

यानंतर थिएटरचे मोठे दिवे बंद करतात किंवा दुसरीकडे वळवतात, कारण त्यांच्या उजेडातही अवरक्त प्रकाश असतो आणि कॅमेरा त्याने आंधळा होतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा प्रकाश ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा. तो लागला की आयसीजी ८३० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश बाहेर टाकतो. हे दोन्ही आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. पडद्यावरचा हिरवा रंग संगणकाने भरलेला असतो, काही यंत्रं तोच निळा किंवा पांढरा दाखवतात. प्रकाशाचा हा पट्टा निवडण्याचं कारण, रक्त आणि पाणी त्याला फारसं अडवत नाहीत. तरीही तो मांसातून जेमतेम सेंटिमीटरभर पार जातो. मिनिटा-दोन मिनिटांत त्वचेखालून एक बारीक चमकती रेघ काखेकडे सरकताना दिसते आणि काखेच्या तोंडाशी, जिथे वाहिनी चरबीत खोल जाते, तिथे नाहीशी होते. सर्जन त्याच्या थोडं पुढे छेद घेतात.

चुका होण्याची जागा इथून पुढे सुरू होते. चमकती वाहिनी चुकून कापली गेली तर डाय सांडतो आणि सगळी काख एकसारखी उजळते, मग कॅमेऱ्याचा उपयोग उरत नाही. म्हणून अनुभवी हात वाहिनी न तोडता तिच्या कडेकडेने जातात. अंगाने जाड असलेल्या बाईच्या काखेत ग्रंथी दीड-दोन सेंटिमीटर चरबीखाली असते, बाहेरून काहीच दिसत नाही. छेद घेऊन आत कॅमेरा धरल्यावरच ती दिसते. उलटही होतं. आयसीजीचा रेणू लहान, तो पहिल्या ग्रंथीत थांबत नाही, पुढच्या ग्रंथींतही जातो आणि सहा-सात ग्रंथी चमकायला लागतात. सगळ्या काढत बसलं तर हात सुजण्याचा धोका परत वाढतो. म्हणून तीन-चार काढल्यावर थांबतात.

सगळ्यात घातक चूक मात्र वेगळीच आहे. एखादी ग्रंथी कॅन्सरने पूर्ण भरली असेल तर लसिकेला आत शिरायला जागाच नसते. डाय तिला वळसा घालून शेजारच्या निरोगी ग्रंथीत जातो. पडद्यावर निरोगी ग्रंथी चमकते आणि रोगी ग्रंथी काळोखात राहते. त्यामुळे चांगला सर्जन कॅमेरा बाजूला ठेवल्यावर काखेत बोट फिरवतो आणि टणक लागलेली ग्रंथी चमकत नसली तरी काढतो. याच कारणासाठी ऑपरेशनआधी काखेची नीट सोनोग्राफी हवी. हाताला लागत नाही म्हणजे काख स्वच्छ, असं धरून चालत नाही. तुमच्या पत्रात गाठीच्या सोनोग्राफीचा उल्लेख आहे, काखेच्या नाही. झाली नसेल तर करून घ्या. तिथे संशयास्पद ग्रंथी दिसली तर सुईने तपासतात आणि मग बेतच बदलतो.

बेत बदलू शकेल असा दुसरा कागद म्हणजे बायोप्सीवरचा ईआर, पीआर आणि हर-टू रिपोर्ट. कॅन्सरच्या पेशीवर हार्मोन धरणारी (ईआर, पीआर) आणि हर-टू नावाची प्रथिनं आहेत का, हे त्यात असतं. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी तो आलाच पाहिजे. गाठ २ सेंटिमीटरच्या वर आहे. हर-टू पॉझिटिव्ह असेल किंवा तिन्ही निगेटिव्ह असतील तर बऱ्याचदा आधी केमोथेरपी आणि नंतर ऑपरेशन, असा क्रम लावतात. गाठ किती विरघळली त्यावरून पुढची औषधं ठरवता येतात. ऑपरेशन आधी उरकलं तर ही संधी हातची जाते. तारखेची घाई करू नका. या रिपोर्टसाठी आठवडाभर थांबल्याने नुकसान होत नाही.

काढलेल्या ग्रंथी बऱ्याच ठिकाणी तिथल्या तिथे गोठवून तपासतात. त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात, अर्धाएक तास लागतो. फ्रोझनमध्ये बारीक ठिपके सुटू शकतात. पक्का रिपोर्ट साधारण आठवड्याने येतो. एक-दोन ग्रंथींत कॅन्सर निघाला तरी सगळी काख साफ करावीच लागते असं आता राहिलेलं नाही. गाठ ५ सेंटिमीटरच्या आत, स्तन वाचवलेला, नंतर पूर्ण स्तनाला रेडिएशन, एवढं जुळलं तर एक-दोन ग्रंथींवर थांबता येतं. अमेरिकेतल्या झेड-००११ नावाच्या चाचणीत १० वर्षांनंतरही अशा स्त्रियांचं आयुष्य कमी झालेलं दिसलं नाही. एक-दोन ग्रंथींत निघालं तर काय करणार, हे सर्जनना आधीच विचारा. भूल दिलेल्या आईला तेव्हा विचारता येणार नाही आणि ऐनवेळी बाहेर येऊन तुमची सही मागतील.

आता स्तनातली गाठ. ती काढताना आयसीजीवर भिस्त ठेवू नका. कडा स्वच्छ आल्या की नाही हे तो सांगत नाही. गाठीभोवती थोडा निरोगी भाग घेऊन ती काढतात, दिशा कळावी म्हणून तिला टाके घालतात, उदाहरणार्थ वरच्या बाजूला आखूड धागा आणि बाहेरच्या बाजूला लांब. पॅथॉलॉजिस्ट बाहेरून शाई लावतो आणि काप घेऊन बघतो. आक्रमक कॅन्सरमध्ये शाईवर कॅन्सरची पेशी नसली की कड स्वच्छ धरतात. नुसता नळ्यांतला कॅन्सर, म्हणजे डीसीआयएस, असेल तर २ मिलिमीटरचं अंतर बघतात. काळजीपूर्वक केलेल्या ऑपरेशननंतरही कड स्वच्छ नाही म्हणून पुन्हा छोटं ऑपरेशन करावं लागणाऱ्या स्त्रिया जगभर पाचांत एक इतक्या आहेत. आईला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तशी वेळ आली तर डॉक्टर चुकले असं तिला वाटणार नाही. गाठ काढलेल्या जागी टायटॅनियमच्या बारीक क्लिप ठेवायला सांगा, रेडिएशनचा नेम त्यांच्यावरून धरतात.

दादा जे ऐकून आला आहे त्याला आधार अगदीच नाही असं नाही. कॅन्सरच्या पेशीलाच उजळवणारी औषधं आहेत. मेंदूतल्या ग्लायोमा नावाच्या गाठीसाठी ५-एएलए नावाचं औषध भुलीच्या साधारण तीन तास आधी पाण्यातून प्यायला देतात, वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम. निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी-लाल दिसते. २००६ साली छापलेल्या जर्मन चाचणीत त्याने गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेलं. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी पॅफोलासियानिन या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी संस्था) २०२१ मध्ये मान्यता दिली. स्तनात गाठ काढल्यानंतरच्या पोकळीत उरलेला कॅन्सर शोधायला पेगुलिसियानिनला २०२४ मध्ये. पण तिथेही निरोगी भाग चमकतो, काही वेळा कॅन्सर चमकत नाही, आणि पेगुलिसियानिनवर तर जोराच्या ॲलर्जीचा ठळक इशारा छापलेला आहे. पेशी न् पेशी दाखवणारं काही अजून आलेलं नाही. दादाने जे रुग्णालय बघून ठेवलंय त्यांना नेमका कुठला डाय वापरता एवढंच विचारा. उत्तर आयसीजी असेल, तर गोव्यात तुम्हाला तेच सांगितलं आहे.

मुंबईला जाऊ नका असं आमचं म्हणणं नाही, पण कॅमेऱ्यासाठी जाऊ नका. समजा तुमच्या रुग्णालयातला कॅमेरा त्या दिवशी बंद पडला, तरी सेंटिनल नोड निळ्या डायने किंवा किरणोत्सारी टेक्नेशियम टोचून गॅमा प्रोबने (किरणं टिपणाऱ्या यंत्राने) शोधता येते. काखेच्या खालच्या भागातली चरबी ठराविक खुणांच्या आत काढून तपासायची पद्धत मुंबईच्या टाटा मेमोरियलनेच अभ्यासून मांडली आहे. तिला कसलाच कॅमेरा लागत नाही. ठिकाण निवडताना विचारायचं ते हे: हे सर्जन स्तनाची ऑपरेशनं नेहमी करतात का? फ्रोझनची सोय आहे का? ऑपरेशनआधी सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून आईची केस बघतात का? आणि रेडिएशन कुठे? स्तन वाचवला की साधारण तीन आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज जावं लागतं. पेडण्याहून रोज येऊन-जाऊन जमणारं ठिकाण आणि मुंबईत दादाच्या घरी तीन आठवडे राहणं, यातलं आईला काय झेपेल ते तिलाच विचारा.

पैशांचं ॲडमिट होण्याआधी बघा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते चालू आहे ना हे तपासा आणि रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर तीन गोष्टी स्पष्ट विचारा: ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये आयसीजीची बाटली धरली आहे का, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे लावणार का, फ्रोझनचं बिल कोण भरणार. उत्तर कागदावर घ्या.

लहान रुग्णालयांत काढलेली गाठ बरणीत घालून नातेवाइकांच्याच हातात देतात आणि लॅबमध्ये पोचवायला सांगतात. तसं झालं तर ही बरणी तुमची जबाबदारी आहे असं समजा. गाठ तासाभराच्या आत १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये बुडायला हवी, आणि फॉर्मॅलिन गाठीच्या निदान दहापट. चेपून कोंबलेली गाठ किंवा अर्धी बुडालेली गाठ दिसली तर तिथेच सिस्टरना सांगून मोठी बरणी मागा. सलाइनमध्ये कधीच नको आणि फ्रिजमध्ये ठेवायची नाही. बरणीवर आणि फॉर्मवर आईचं नाव, डावी बाजू, टाक्यांची खूण आणि वेळ लिहिली आहे ना ते वाचा. काखेच्या ग्रंथी वेगळ्या बरणीत हव्यात. फॉर्मॅलिनमध्ये गाठ ६ तासांहून कमी किंवा ७२ तासांहून जास्त राहिली तर ईआर आणि हर-टूच्या तपासण्या बिघडतात. म्हणून शनिवारची तारीख मिळाली तर रविवारी लॅबमध्ये बरणी कोण घेणार हे शुक्रवारीच विचारून ठेवा. सोमवारी सुट्टी असेल तर नक्कीच.

ऑपरेशननंतर लघवी निळी-हिरवी झाली तर घाबरू नका, ती निळ्या डायमुळे होते आणि एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. स्तनावरचा निळा डाग मात्र कित्येक महिने राहू शकतो. निळा डाय वरवर त्वचेतच टोचला गेला तर तिथली कातडी खराब होते. म्हणून त्या जागी काळपट पडणं, फोड येणं, वाढत जाणारी दुखरी लाली दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. दुसऱ्या दिवसापासून खांद्याचे व्यायाम सुरू करायला सांगतील. आई दुखतं म्हणून हात छातीशी धरून बसेल, तिला तसं बसू देऊ नका.

पक्का रिपोर्ट हातात आला की त्यातल्या दोन ओळी बघा: किती ग्रंथींपैकी किती पॉझिटिव्ह, आणि कडांबद्दल काय लिहिलंय. त्या दोन ओळी आणि ईआर, पीआर, हर-टूचे आकडे आम्हाला लिहून पाठवा. केमो लागेल का हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, आणि त्याचं उत्तर त्याच आकड्यांवरून देता येईल.